अंधारातला जिना

८ नोव्हेंबर, रविवार, दुपार

प्रिय राणीसरकार,

सप्रेम नमस्कार. तू लेकीकडे मजेत असशील, नातवंडांना लाडावून ठेवत असशील आणि जावयाला धाकात. तसं नसेल तर कळवू नकोस, कारण मग मला काळजी करत बसावं लागेल आणि सध्या मला तेवढी सवड नाही. फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी 'हं' म्हणते. पत्रात निदान मला माझं वाक्य पुरं करता येतं.

इकडची बातमी अशी की नाट्यगृहाचं छप्पर एकदाचं दुरुस्त झालं. खुर्च्यांना नवं कापड लावलंय, त्यामुळे सगळीकडे खळीचा वास मारतोय. आपल्या दिग्दर्शकाने सुट्टीत दाढी वाढवली आहे. त्याला वाटतं त्यात तो विचारवंत दिसतो. मला तो हरवलेल्या माणसाच्या फोटोसारखा दिसला, पण मी बोलले नाही. डिसेंबरात नाटक पुन्हा उभं राहणार हे नक्की. तुला रीतसर कळवतीलच.

एक गोष्ट मात्र मीच आधी सांगते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तू चौथऱ्यावर उभी असतेस आणि दिवे जातात, तो अंधार त्याला आता आणखी दाट हवाय. मागच्या जिन्यापाशी तो बारीक हिरवा दिवा असायचा ना, तोही काढणार म्हणतो. पहिल्या रांगेतल्या कुणाला तरी तो दिसला होता म्हणे. तुला काय फरक पडणार म्हणा. तुला तो दिवा कधी दिसलाच नाही. दिवे गेले की तुझे डोळे म्हणजे दोन बटणं, हे तुला ठाऊक, मला ठाऊक आणि तुझ्या डोळ्यांच्या डॉक्टरला. झाकली मूठ आपण इतकी वर्षं झाकून ठेवली आहे, ती पुढेही राहील. अंधारात वर येऊन तुला जिन्याने खाली आणणारी ही पडद्यामागची मांजर आहे तोवर राणीला अंधाराची भीती नाही.

मात्र एक तक्रार. हल्ली जिना उतरताना तू मला असं आवळून धरतेस की घरी गेल्यावर दंडावर बोटं उठलेली दिसतात. पूर्वी कशी कोपर माझ्या हातात देऊन सुखाने यायचीस. म्हातारपणी भित्री झालीस का?

माझी तब्येत उत्तम. उजवा गुडघा जरा कुरकुरतो. बसून उठताना, जिना उतरताना. दादा म्हणतो, आयुष्यभर लाकडी चौकटी उचलल्यास, गुडघा काय आरती ओवाळेल? भावांना बहिणीच्या दुखण्यावर बोलायला फार आवडतं. गेल्या आठवड्यात तर गंमतच झाली. डोक्यावरून स्वेटर काढत होते, दोन्ही हात वर, तोंड लोकरीत, आणि काय झालं कोण जाणे, सरळ कपाटावर जाऊन आदळले. दादा धावत आला. मी जमिनीवर, अर्धा स्वेटर डोक्यात. तो म्हणाला, "मांजर गोणीत घातली की अशीच धडपडते." आम्ही दोघंही हसलो. कपाळाला टेंगूळ आहे, उतरेल.

दादाने मग भुणभुण लावून मला फिजिओथेरपिस्टची वेळ घ्यायला लावली. गुरुवारी जाईन. गुडघ्यावर दोन दिवस शेक घेतला की झालं, पण घरात शांतता हवी असेल तर जाऊन आलेलं बरं.

नातवंडांना माझा गोड पापा. जावयाला नुसता नमस्कार.

तुझी,
मांजर


२२ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

प्रिय राणीसरकार,

तुझं कार्ड मिळालं. एकूण चार ओळी, त्यातल्या दोन हवामानाच्या. तिकडे धुकं पडतं हे कळलं. टेंगळाची चौकशी केलीस त्याबद्दल आभारी आहे. ते उतरलं.

फिजिओबाईंकडे जाऊन आले. बाई म्हणजे आपल्या दिवेवालीएवढी पोर आहे, थंडगार हातांची. तिला प्रत्येक गोष्टीला 'छान' म्हणायची सवय. मी आत आले, छान. मी खुर्चीवरून कण्हत उठले, छान. तिने मला एका पायावर उभं केलं. डोळे उघडे ठेवून दुखऱ्या पायावरसुद्धा मी बरी उभी राहिले. मग म्हणाली, "आता डोळे मिटा." मी मनात म्हटलं, बाळ, तू कुणाला सांगतेस? अंधारात चालणं हा माझा धंदा आहे. डोळे मिटले आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या अंगावर. तीही म्हणाली, "छान!"

मग मला आडवं केलं. डोळे मिटलेलेच. तिने उजवा पाय गुडघ्यात थोडा वाकवला, तसाच धरला, म्हणाली, ही जागा लक्षात ठेवा. पाय सरळ केला. आता तुमचा तुम्ही तेवढाच वाकवा. मी वाकवला. अगदी छातीठोकपणे वाकवला. डोळे उघडून बघते तर कुठली जागा नि कुठे माझा पाय! पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. डाव्या पायाने मात्र बिनचूक जमलं. राणी, माझा स्वतःचा पाय कुठे आहे हे मला कळत नव्हतं. दुखण्याने मला कधी रडू आलं नाही, पण त्या खाटेवर आलं.

तिने नीट समजावलं, तसं तुला लिहिते. आपल्या सांध्यांत, स्नायूंत, त्यांना बांधून ठेवणाऱ्या दोऱ्यांत बारीक बारीक खबरे बसलेले असतात. पाय किती वाकलाय, वजन कुठे आहे, ही बातमी ते मेंदूला सारखी देत असतात. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. गुडघा दुखायला लागला, सुजला, मांडी अशक्त झाली, की ही खबर उशिरा पोचते किंवा चुकीची पोचते. आधी दुखणं की आधी ही गडबड, ते ती ठामपणे सांगेना. एकाच्या पायात दुसरं अडकतं म्हणाली. मग तोल सांभाळायचं काम डोळे करतात. म्हणून उजेडात मला काही कळलं नाही, आणि स्वेटरात तोंड गेल्यावर कपाटावर गेले. स्वेटर म्हणजे तरी काय, घरगुती अंधारच.

"व्यायामाने सुधारतं," ती म्हणाली, "पण वेळ लागतो. तोवर अंधारात जिने उतरू नका. दिवा लावत जा."

मी म्हटलं, "बाई, दिवा लावला तर माझी नोकरी जाईल."

तिला वाटलं मी विनोद केला.

तर आता माझे व्यायाम सुरू आहेत. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. भिंतीलगत एका पायाच्या टाचेपुढे दुसरा पाय टाकत चालायचं. बेसिनच्या कडेला धरून एका पायावर उभं राहायचं, आधी डोळे उघडे, मग जमेल तसे मिटून. दादा पेपर वाचता वाचता वर बघतो आणि विचारतो, "काय बगळोबा, मासा लागला का?" मी उत्तर देत नाही, कारण बोलले की तोल जातो.

आता जे लिहायचं टाळत मघापासून शाई वाया घालवते आहे, ते लिहिते. सुट्टीआधीच्या शेवटच्या प्रयोगाला आपण जिन्यावर अडखळलो होतो. खाली आल्यावर मी तुला म्हटलं, झगा पायात आला. तू शिंपिणीकडे जाऊन बिचारा झगा आखूड करून घेतलास. झगा पायात आला नव्हता. माझा पाय पायरीवर पडलाय असं मला वाटलं, आणि तो पडला नव्हता. नाचता येईना अंगण वाकडे, तशातला प्रकार. तेव्हा मला वाटलं, एखाद्या वेळी होतं असं. आता कळतंय की ते एखाद्या वेळचं नव्हतं.

म्हणून विचारते. तो जिना उभा आहे, त्याला कठडा नाही, कारण दौऱ्यावर गाडीत घालताना तो मिटावा लागतो. हिरवा दिवा जाणार. तुला वरून खाली आणणारं माणूस पायाने खात्रीचं हवं. दिवेवाली ते काम करील, चपळ आहे. पण तिला का ते सांगावं लागेल. तिला सांगितलं की दिग्दर्शकाला कळणार. आणि त्याला कळलं तर तो काय म्हणेल ते तुलाही माहीत आहे. राणीच्या भूमिकेवर डोळा ठेवून बसलेल्या दोघीजणी त्याच्या दाढीचं कौतुक करायला लागल्याच आहेत. गुपित तुझं आहे, ते फोडायचा मला हक्क नाही. माझा गुडघा दुखतो म्हणून तुझी भूमिका जावी हे मला सहन होणार नाही. आणि तुला घेऊन मी पडले तर तेही सहन होणार नाही.

मी तालमीला येईनच. पण तू सांग काय करायचं ते. मला सुचत नाही.

तुझी,
मांजर


१२ डिसेंबर, शनिवार, प्रयोगाचा दिवस

राणी,

हे पत्र टपालाने नाही. तुझ्या आरशाला टेकवून ठेवते आहे. तू रंग लावायला बसशील तेव्हा समोरच दिसेल. शेजारच्या खोलीत असून पत्र का, असं ओरडू नकोस. कारण तेच. समोर आले की तू बोलशील आणि मी 'हं' म्हणेन.

माझ्या आधीच्या पत्राला तुझं उत्तर आलं होतं, "तालमीला ये. पुढचं पुढे." मला राग आला होता. इतकं जिवावरचं लिहिलं आणि हिला त्याचं काही नाही, असं वाटलं. तू आल्यावरही विषय काढला नाहीस. तालमीत सगळे दिवे लावूनच जिना उतरायचो, त्यामुळे मीही गप्प राहिले. कालच्या रंगीत तालमीपर्यंत.

काल काय झालं ते तुला माहीत आहे, पण ते माझ्याकडून कसं दिसलं ते तुला माहीत नाही. म्हणून लिहिते.

दिवे गेले. मी वर आले, तुझं कोपर धरलं. तू नेहमीसारखा माझा दंड आवळलास. मी मनात म्हटलं, घाबरू नकोस गं, मी आहे. जिन्याच्या मध्यावर उजवा पाय टाकला. मला शपथेवर वाटलं की तो पायरीवर आहे. तो पायरीच्या कडेबाहेर होता. गुडघ्यात कळ आली आणि पाय खालून निघूनच गेला. गेलो आपण, एवढंच मनात आलं, आणि पुढचं तुझं नाव.

पण आपण गेलो नाही. तुझा हात माझ्या काखेत होता. तो मी पडल्यावर आला नाही, आधीच तिथे होता. माझा पाय तू पुढे घातलेल्या पायावर अडकला होता, म्हणजे तू एकाच पायावर उभी होतीस, माझ्या सगळ्या वजनासकट, त्या काळ्याकुट्ट अंधारात, आणि जरासुद्धा हलली नाहीस. कानाशी तुझा आवाज आला, "डावा तिथेच ठेव. उजवा आत घे. आणखी. आता खाली. हं, टेकला." माझा पाय कुठे आहे ते तू मला सांगत होतीस.

खाली आलो, दिवे आले, कुणाला काही दिसलं नव्हतं. मी सुस्कारा सोडला की निभावलं. तेवढ्यात तू सरळ पुढे जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "थांबा जरा. मला अंधारात काही दिसत नाही. बरीच वर्षं झाली. हे आज सांगायचं होतं, सांगितलं."

दिग्दर्शक दाढी खाजवत म्हणाला, "मग तुम्ही हा जिना उतरत कशा होता?"

"आधी ही मला आणायची," तू म्हणालीस. "वर्षभर झालं, मी हिला आणते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

तो कपाळाला हात लावून म्हणाला, "म्हणजे इतके दिवस माझं नाटक आंधळ्या-पांगळ्याच्या जोडीवर चाललं होतं!" सगळे हसले. तूही हसलीस. मला हसू आलं नाही. मी तुझ्या या खोलीत येऊन बसले, आणि तू मागोमाग आलीस, तेव्हा मी तुझ्याशी कशी बोलले ते तुला आठवतंच. मला फार अपमान वाटला होता, राणी. माझ्या धंद्याचा मला एकच अभिमान होता, आणि तो वर्षभर तू काखेत धरून चालवत होतीस. काखेत कळसा म्हणतात तो हा.

"मला सांगितलं का नाहीस?" मी ओरडले.

"सांगितलं असतं तर तू जिन्यावर आली असतीस?"

"आणि माझ्या दंडावरचे वळ?"

"माझी बोटं आहेत. तुला वाटलं मी भित्री झाले. म्हटलं, वाटू दे."

"आणि तो झगा? तुला माहीत होतं तो पायात आला नव्हता, तर आखूड कशाला केलास?"

तू पावडरचा पफ खाली ठेवलास. "तू म्हणालीस ना, झगा पायात आला. मग आखूड नको करायला? मांजर डोळे मिटून दूध पीत होती, मी कशाला तिला हुसकू?"

आणि मग रागाच्या भरात मी तुला फिजिओबाईंची परीक्षा दिली. म्हटलं, एवढी शहाणी असशील तर डोळे मिटून राहा उभी एका पायावर. तू उभी राहिलीस. झग्यासकट, मुकुटासकट, हातात चहाचा कप घेऊन. चहा पिऊन संपवलास. मी बघत राहिले आणि मला सगळं उमगलं. मी तुला अंधारातून नेत होते तेव्हा माझं लक्ष वाटेकडे असायचं, हिरव्या दिव्याकडे. तुला तर बघायला काहीच नव्हतं. इतकी वर्षं तू निव्वळ पायांनी तो जिना शिकत होतीस. तुझ्या गुडघ्यातले खबरे माझ्या दोन डोळ्यांपेक्षा पक्के झाले.

मग मी रडले, तू नाक पुसायला रंगाचं फडकं दिलंस, आणि माझं नाक निळं झालं. घरी गेल्यावर दादाने विचारलं, थंडी फारच होती का?

आता आजचं. सुतारकाका सकाळपासून खपतायत. जिन्याला कठडा झाला आहे, मिटणारा, काळ्या रंगाचा. दुपारी मी हात लावून बघितला तेव्हा ओला होता, संध्याकाळपर्यंत वाळेल. हिरवा दिवा परत आला आहे, तो आता पुठ्ठ्याआड आहे. तुझी भूमिका तुझ्याकडेच आहे. दिग्दर्शक म्हणाला, कठडा असेल तर मला हरकत नाही, आणि ही बाई गेली तर नाटक बघायला येणार कोण? दाढीचं कौतुक करणाऱ्या दोघींनी आजपासून कौतुक बंद केलं आहे.

मला तो म्हणाला, तुमचं तुम्ही ठरवा. आणि तू जाताना म्हणालीस, "तू ये वर. मी धरते."

त्याचंच उत्तर द्यायला हे पत्र. पहिल्या पत्रापासून एक वाक्य मी टाळत आले. आधी स्वेटरचा विनोद केला, मग तुलाच विचारलं काय करू. आता लिहिते. राणी, मी आज वर येणार नाही. उद्याही नाही. व्यायाम चालू आहेत, फिजिओबाई म्हणते पुढे सुधारेल, तेव्हा बघू. पण तुझ्या एका पायावर दोघींचं वजन मी पुन्हा टाकणार नाही. काल तू सावरलंस. एखादे दिवशी सावरता येणार नाही, आणि तेव्हा तुला कुणी धरणार नाही, कारण मी तुझ्याच अंगावर असेन.

मला वाईट वाटतंय. खूप वाटतंय. इतक्या वर्षांत दिवे गेले आणि तुझं कोपर माझ्या हातात नाही, असं कधी झालं नाही. आज वर तू एकटी असशील आणि माझे हात रिकामे असतील, म्हणून तिसऱ्या अंकाची तुझी शाल मी आत्तापासूनच हातात घेऊन बसले आहे.

तू कठडा धरून ये. घाई करू नकोस, टाळ्या थांबेपर्यंत वेळ असतो. अंधारात हाक मारता येत नाही, म्हणून मी खालच्या टोकाला कठड्यावर नखाने वाजवीन, हळूच. कुणाला ऐकू जाणार नाही, पण लाकडातून तुझ्या हाताला कळेल की मी कुठे आहे.

जिन्याच्या पायथ्याशी, दोन्ही पायांवर उभी,
तुझी मांजर